चाळीस अंशांचे पाणी

एप्रिल लागला की आमच्या गल्लीत कूलर धुवायला निघतात. मागच्या वर्षीचा वाळा उपसून फाटकाबाहेर पडतो, नवा वाळा जाळीत भरला जातो, आणि पंप सुरू करण्याआधीच टाकीतले पाणी काड्याकाड्यांतून दोन-चार बोटे वर चढलेले दिसते. त्याला कोणी चढवलेले नसते. कोरड्या आणि ओल्या वाळ्यातली ती वाकडीतिकडी रेघ पाहत उभे राहणे, हे निवृत्तीनंतरच्या माझ्या थोड्या कामांपैकी एक आहे.

याच दिवसांत बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकल परीक्षा असतात. शेजारची मृणाल परवा भर दुपारी परतली. हातावर पांढरा ॲप्रन, छातीशी जर्नल, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला.

"कोणता प्रयोग आला?" मी विचारले.

"केशनळी, काका. पाण्याचा पृष्ठताण."

"किती आला?"

"जितका यायला पाहिजे तितका." ती हसली. "बहात्तर. एकक बदललं तुमच्या वेळेपासून. आता शून्य पूर्णांक शून्य बहात्तर लिहितो. पण आकडा तोच."

"पाणी किती गरम होतं?"

"ते कुठं कोणी विचारते, काका?"

ती आत गेली. अंगणातला नळ सोडला की हात मागे घ्यावा लागेल, असे ऊन होते. त्या पाण्याचा पृष्ठताण बहात्तर येणे शक्य नव्हते.

हे समजायला पदवी लागत नाही. पाण्याच्या पोटातल्या कणाला चारही बाजूंनी शेजारी असतात; पृष्ठभागावरच्या कणाला वरच्या बाजूने कोणी नसते. तो आतच ओढला जातो. म्हणून पाण्याचा पृष्ठभाग ताणून बसवलेल्या कातड्यासारखा वागतो, आणि त्या ताणाचे माप म्हणजे पृष्ठताण. केसाएवढे छिद्र असलेली काचेची नळी पाण्यात उभी धरली, की पाण्याचा काठ काचेला धरून वर सरकतो, मधला भाग वाटीसारखा खोलगट होतो, आणि तो खोलगट पृष्ठभाग खालच्या पाण्याला वर ओढून घेतो. नळी जितकी अरुंद तितका बाक जास्त, आणि पाणी तितके उंच. रुंद भांड्यात पाणी सपाट पडून राहते. अडचणीच्या जागेत ते चढते.

पाणी किती चढले आणि छिद्र किती रुंद आहे, एवढे मोजले की ताण काढता येतो. पंचवीस अंशांच्या पाण्याचा तो सेंटिमीटरला बहात्तर डाइन असतो. पाणी तापले की कणांची एकमेकांवरची पकड सैल होते. चाळीस अंशांना ताण सत्तरच्या खाली उतरतो. अर्धा मिलिमीटर छिद्राच्या नळीत नागपूरच्या डिसेंबरातले पाणी आणि एप्रिलमधले पाणी यांच्या उंचीत फरक पडतो तो सुमारे दोन मिलिमीटरचा. या दोन मिलिमीटरांपायी माझ्या वर्गातल्या इंदूचे एक वर्ष गेले. गोष्ट सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातली आहे.

आमच्या कॉलेजात भौतिकीची प्रयोगशाळा सर्वांत वरच्या मजल्यावर होती. तिच्यावर गच्ची, गच्चीवर पाण्याची लोखंडी टाकी. केशनळीच्या टेबलावरचा पंखा बंद ठेवावा लागे, कारण वाऱ्याने बीकरमधले पाणी हलते. खिडक्याही बंद. पाण्याची उंची वाचायच्या मायक्रोस्कोपला डोळा लावला की भुवईचा घाम भिंगावर पडे. त्या मायक्रोस्कोपमध्ये सारे उलटे दिसायचे, त्यामुळे खोलगट पाणी उंचवट्यासारखे आणि चढलेले पाणी उतरल्यासारखे. पहिल्या वर्षी त्याची गंमत वाटे, तिसऱ्या वर्षापर्यंत सवय झाली.

प्रयोगशाळेवर राज्य दशरथभाऊंचे. हुद्दा लॅब अटेंडंटचा, गाव कुहीकडचे, दर रविवारी शेतावर जाणारे. प्रत्येक प्रयोगाला लागणाऱ्या सामानाचे एक कार्ड असे आणि कार्डावर असेल तेवढेच सामान ते कपाटातून काढत. त्यांच्या खिशात एक वहीही असे. त्या वहीत प्रत्येक प्रयोगाचे उत्तर होते. पाण्याचा पृष्ठताण बहात्तर, काचेचा अपवर्तनांक दीड, असे ओळीने. विद्यार्थी उत्तरापासून सुरुवात करत आणि उलटे गणित करत पाण्याच्या उंचीपर्यंत येत. याला 'रीडिंग जुळवणे' म्हणत. दशरथभाऊंना यात लबाडी दिसत नसे. ते म्हणत, "मशीन पुरानी हाये. तिचं जे चुकते, ते आपण दुरुस्त करून देतो." आमचाही त्यावर विश्वास होता. मायक्रोस्कोप जुना, नळ्या जुन्या, आम्ही नवशिके. मग पुस्तक सोडून बरोबर कोण असणार? पुस्तकातला आकडा कुठल्या गावच्या, कुठल्या महिन्यातल्या पाण्याचा, हे विचारायचे कोणाच्या मनात आले नाही. तीन वर्षे आम्ही नागपूरच्या एप्रिलमध्ये थंड मुलखातले पाणी मोजत होतो.

इंदू कोराडीहून बसने यायची. वडील तिथल्या वीज केंद्रात बॉयलरवर होते, घर कॉलनीत. तिच्या जर्नलच्या खाकी कव्हरावर राखेची बारीक पूड असे. ती बसायच्या आधी कव्हर फुंकायची. तिचा आणि माझा रोल नंबर मागेपुढे, म्हणून प्रॅक्टिकलला टेबल शेजारी. वर्गात ती फारशी बोलत नसे. एकदा सरांनी साबणाचे दोन फुगे एका नळीच्या दोन टोकांना धरले, एक लहान आणि एक मोठा. मधली चावी उघडल्यावर काय होईल, असे विचारले. सगळा वर्ग म्हणाला, दोन्ही सारखे होतील.

"मोठा आणखी मोठा होईल," इंदू म्हणाली.

"काहून वं? मोठ्यानं लहान्याले खाल्लं?" मागच्या बाकावरून एक पोट्टा बोलला. वर्ग हसला.

"लहान्यात दाब जास्त असते," ती त्याच्याकडे न वळता म्हणाली. "बाक जास्त तिथं दाब जास्त. मोठा खात नाही त्याले. तोच ढकलते."

सरांनी चावी उघडली. लहान फुगा आकसत गेला आणि मोठा फुगत गेला. 

डिसेंबरात तिने केशनळीचा प्रयोग केला तेव्हा उत्तर आले बहात्तर पूर्णांक नऊ. शेजारच्या टेबलावरचे थर्मामीटर लावून तिने खाली एक जादा ओळ लिहिली होती: पाण्याचे तापमान वीस अंश. दशरथभाऊंनी वही काढून पाहिली आणि म्हणाले, "थोडं जास्त आलं, बाई."

"थंडी हाये न, भाऊ. थंड पाणी जास्त चढते."

त्यांना हे पटले नाही, पण रस वाटला. नळीत पाणी आपोआप का चढते, हे त्यांनी तिच्याकडून उभ्या उभ्या समजून घेतले. मग म्हणाले, "हे तं आमच्या वावरात बी चालते. काळ्या मातीत बारीक बारीक नळ्या असतेत म्हण न. खालची ओल त्यातून वर येते अन् उन्हानं उडून जाते. म्हणून आम्ही ओळीतून डवरा फिरवतो. वरची माती मोडली का नळी तुटली. ओल खालीच राहते, झाडाले भेटते."

इंदूने हे त्याच पानाच्या मागच्या बाजूला लिहून घेतले. डवऱ्याचे, म्हणजे कोळप्याचे, छोटे चित्रही काढले. असे जर्नल आमच्या वर्गात दुसरे नव्हते.

तिला एम.एस्सी. करायचे होते. जागा जुलैत भरत. लेखी परीक्षेत कितीही गुण असले तरी प्रॅक्टिकलमध्ये नापास झालेल्याला पूर्ण नापास धरत आणि ऑक्टोबरात पुन्हा बसवत. म्हणजे वर्ष गेले. घरून तिला नाही म्हटलेले नव्हते, पण पाठचे दोन भाऊ शिकत होते आणि वर्ष वाया घालवण्याची सोय त्या घरात नव्हती. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होते. दशरथभाऊंनाही.

परीक्षेच्या दिवशी ताटलीतून चिठ्ठ्या उचलल्या. मला गरम पाणी निवण्याचा प्रयोग आला, इंदूला केशनळी. तिने नळ्या आम्लाने धुतल्या, मग नळाखाली धरल्या, आणि पाणी बोटांवर घेऊन थांबली. गच्चीवरच्या टाकीतून येणारे ते पाणी कोमटाहून गरम होते.

"भाऊ, थर्मामीटर पाहिजे."

"कार्डावर नाही, बाई. कार्डावर नाही ते कपाटातून निघत नाही. आज तं नाहीच."

अर्ध्या तासाने ती माझ्या टेबलापाशी आली. "थर्मामीटर दे न गा दोन मिनिटं."

"माह्यं रीडिंग चालू हाये."

"तुह्यं पाणी निवूनच राहिलं. ते कुठं पळून नाही चाललं."

माझ्याकडे एकच थर्मामीटर होते. मी ते भांड्यातून काढून दिले. नवव्या आणि दहाव्या मिनिटाची माझी नोंद त्यामुळे हुकली. तिने ते पुसून परत आणले, "चाळीस" एवढेच म्हणाली आणि गेली. मी आलेखावर आधी वक्ररेषा काढली, आणि मग तिच्यावर नवव्या-दहाव्या मिनिटाचे बिंदू बसवले. अगदी रेषेवर.

परीक्षक बाहेरगावचे होते. पन्नाशीचे, सभ्य, घाईत. दुपारी एकच्या सुमारास ते इंदूच्या टेबलापाशी आले.

"एकोणसत्तर पूर्णांक सहा?" त्यांनी कागद उचलला. "नळी घाण असेल. काचेला बोटाचा तेलकटपणा लागला की पाणी कमी चढतं."

ही शंका रास्त होती आणि इंदूने ती आधीच फेडून ठेवली होती. "तीन नळ्या घेतल्या, सर. तिन्हीत तेच येते. आणि हे पाहा." तिने बीकर थोडा वर केला, मग खाली आणला. नळीतले पाणी वर गेले आणि उतरून पुन्हा त्याच खुणेवर थांबले. "घाण असती तर चिकटून राहिलं असतं. पाणी चाळीस अंशांचं हाये, सर. पुस्तकातलं पंचवीसचं हाये."

"तापमान या प्रयोगात नसतं."

"पाण्यात असते, सर."

जवळच्या दोन टेबलांवरची माणसे हसली. परीक्षक हसले नाहीत. "थर्मामीटर कार्डावर नाही. कुठून आणलं?"

"मागून घेतलं."

"कोणाकडून?"

इंदूने माझ्याकडे न पाहता बीकर जागेवर सरकवला. मी आलेखावर पेन्सिल गिरवत होतो. ती मी थांबवली नाही.

"हे पाहा," परीक्षक थोडे नरमले, "मला कोणाला नापास करायची हौस नाही. दहा मिनिटं देतो. नळी धुवा, पुन्हा वाचा. बहात्तरच्या आसपास आलं की मी सही करतो."

ते पुढे गेल्यावर दशरथभाऊ पुसायचे फडके घेऊन तिच्याजवळ आले. आवाज खाली होता, पण मला ऐकू आला. "लिहून टाक न वं पोरी. बहात्तर लिहायले काय लागते?"

"भाऊ, तुम्ही डवरा न फिरवता फिरवला म्हणून सांगता का घरी?"

दशरथभाऊंनी टेबल पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले. "पिकाले माहीत पडते," ते म्हणाले आणि निघून गेले.

इंदूने नळी पुन्हा आम्लाने धुतली, पुन्हा उभी केली, पुन्हा वाचली. दहा मिनिटे तिने पूर्ण वापरली. परीक्षक परतले तेव्हा पहिल्या आकड्याखाली दुसरा लिहिलेला होता: एकोणसत्तर पूर्णांक पाच. पहिला तिने खोडला नव्हता.

"कमीच झालं की."

"दुपार चढून राहिली, सर."

माझ्या टेबलापाशी आल्यावर त्यांनी माझा आलेख उजेडात धरला. म्हणाले, "याला म्हणतात काळजीपूर्वक काम."

पुढे मी वर्तमानपत्रात गेलो. उन्हाळ्यात पहिल्या पानावर कालच्या तापमानाची चौकट जायची. एखाद्या दिवशी आकडा वेळेवर आला नाही, तर आदल्या दिवशीचा आकडा एखाद्या दशांशाने हलवून टाकायची डेस्कवर पद्धत होती. वाचकाला कळत नसे. उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाला त्रेचाळीस आणि त्रेचाळीस पूर्णांक तीन यात काय फरक? मी रुजू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात अशी वेळ आली. मी चौकट रिकामी सोडली आणि खाली लिहिले, आकडा मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी वृत्तसंपादकांनी बोलावून विचारले, हा काय प्रकार आहे. मी म्हणालो, जे झाले ते लिहिले. त्यांनी मला महिनाभर बाजारभावाच्या पानावर बसवले. ते पान मी मन लावून केले. यात मोठे काही नाही. नवव्या आणि दहाव्या मिनिटाचे माझे ते दोन बिंदू त्यामुळे खरे होत नाहीत. ते कुठल्याशा गठ्ठ्यात, एका सुंदर वक्ररेषेवर, गुणांसह पडून राहिले.

त्या वर्षी जूनमध्ये निकाल लागला. इंदू लेखीत वर्गात दुसरी होती आणि प्रॅक्टिकलमध्ये नापास.

मी कोराडीला गेलो. कॉलनीतल्या कडुनिंबांची पाने राखेने करडी झालेली, कोळशाचे ट्रक रस्त्याने ओळीने चाललेले. इंदूच्या आईने पाण्याचा तांब्या ठेवला आणि सरळ विषयाला हात घातला. "तूच सांग गा. बहात्तर लिहिलं असतं तं कोणाच्या घरचं पाणी आटलं असतं? त्या मास्तरले खुशी, इले खुशी. एवढी कशाची अकड?"

"अकड नाही, आई. एकोणसत्तरच होतं."

"होतं तं होतं. त्याले काय घरी आणून ठेवायचं हाये?"

वडील पाळीवरून नुकतेच आले होते. ते खाटेवर बसून बोलले, बायकोशी नाही आणि माझ्याशीही नाही. "बायलरले काचेची नळी असते. आतलं पाणी किती हाये ते दिसते. दर तासाले पाहा लागते अन् वहीत लिहा लागते. एकदा मी नाही पाहिलं. पाय दुखून राहिले होते. मागच्या तासाचंच उतरवलं."

"मग काय झालं?" मी विचारले.

"काहीच नाही झालं." ते म्हणाले. "त्याचंच भेव वाटते. झालं असतं तं समजलं असतं, का असं करू नये. काही नाही झालं म्हणून माणूस पुन्हा करते."

निघताना इंदू बस थांब्यापर्यंत आली. मी तिला म्हणालो, थर्मामीटर माझे होते, हे मी तिथे उठून सांगायला हवे होते.

"सांगितलं असतं तं दोघंही नापास झालो असतो," ती म्हणाली. "पाणी चाळीसचंच राहिलं असतं."

"ऑक्टोबरात काय करशील?"

"तेच टेबल मागीन."

"आणि पुन्हा तेच परीक्षक आले तर?"

"येऊ दे न. मले तेच पाहिजेत."

जुलैत एम.एस्सी.च्या जागा भरल्या. इंदूने ते चार महिने घरी बसून काढले नाहीत. नागपुरात जरीपटक्याच्या वस्तीत मुलांच्या शिकवण्या घेतल्या, भावांना वह्या आणून दिल्या, आणि पावसाळाभर दर आठवड्याला घरच्या माठातल्या, बादलीतल्या, गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याचे तापमान लिहून ठेवले. त्या नोंदींचा परीक्षेशी काही संबंध नव्हता. का लिहितेस, असे तिला विचारले तेव्हा म्हणाली, असू दे.

ऑक्टोबरातल्या परीक्षेला मी हजर नव्हतो. तिथे काय झाले, हे मी आधी दशरथभाऊंकडून ऐकले आणि नंतर इंदूकडून. दोघांचे सांगणे जुळले, म्हणूनच लिहितो.

परीक्षार्थी चारच होते. परीक्षक तेच होते. इंदूने चिठ्ठी उचलली नाही, उभी राहून म्हणाली, "सर, मला केशनळीच द्या." परीक्षकांनी तिला ओळखले. सोपे प्रयोग ताटलीत होते, असे त्यांनी सुचवून पाहिले. ती उभीच राहिली. त्यांनी हाताने टेबल दाखवले. त्या टेबलावर या वेळी थर्मामीटर होते. कार्डावर ते अजूनही नव्हते. दशरथभाऊंनी ते कोणाला न विचारता ठेवले होते आणि ते दाराशी पाठमोरे उभे होते.

पाऊस संपून गेलेला, सकाळची वेळ, हवेत गारवा. पाणी अठ्ठावीस अंशांचे होते. इंदूने तीन नळ्या वाचल्या. उत्तर आले एकाहत्तर पूर्णांक चार.

परीक्षकांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. "बघा, आलं की नाही बरोबर? एप्रिलमध्ये घाई केलीत."

"एप्रिलमधलंही बरोबर होतं, सर."

त्यांनी उत्तरपत्रिका हातात घेतली. तिच्यावर एकाखाली एक दोन ओळी होत्या. पाणी, चाळीस अंश, एकोणसत्तर पूर्णांक सहा. पाणी, अठ्ठावीस अंश, एकाहत्तर पूर्णांक चार.

"म्हणजे एप्रिलमध्ये माझी चूक झाली, असं तुमचं म्हणणं आहे?"

"हो, सर."

प्रयोगशाळेत बाकीचे तीन विद्यार्थी काम करायचे थांबले. परीक्षक म्हणाले, वरची ओळ या परीक्षेची नाही, ती खोडा. उत्तरपत्रिकेवर काही खोडले तर शेजारी परीक्षकाची सही लागते, हा नियम सगळ्यांनाच माहीत होता.

इंदूने पेन त्यांच्यापुढे धरले. "तुम्ही खोडा, सर. आणि बाजूला सही करा."

त्यांनी पेन घेतले. दशरथभाऊ सांगतात, बराच वेळ नुसते घेऊन उभे होते. मग त्यांनी दोन्ही ओळींच्या खाली एकच सही केली, पेन टेबलावर ठेवले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.